लायसन्स होतं, विमानही उडवता येत होतं. पण बेसी कोलमनला पायलटची नोकरी द्यायला कुणीच तयार नव्हतं

पायलट व्हायचं म्हटलं की सगळ्यात आधी आठवतो तो खर्च. ट्रेनिंगसाठी लाखो रुपये ओतायचे, उड्डाणाचे तास भरायचे, परीक्षा द्यायच्या आणि लायसन्स हातात पडलं की नोकरीच्या मागे लागायचं. लायसन्स मिळूनही नोकरीची वाट बघत बसलेले तरुण आपल्याकडेही आहेत.

पण १९२१ साली अमेरिकेतल्या एका तरुणीसमोरचा पेच याहून मोठा होता. तिच्याकडे लायसन्स होतं, तेही आंतरराष्ट्रीय. अडचण अशी होती की ती कृष्णवर्णीय होती आणि बाई होती. अशा व्यक्तीला पायलट म्हणून पगारावर ठेवेल अशी एकही जागा त्या वेळच्या अमेरिकेत नव्हती.

तिचं नाव बेसी कोलमन.

तिने स्वतःचं काम स्वतः उभं केलं. पुढे तिच्याकडे कामं चालत आली, तेव्हा पैशांची गरज असतानाही त्यातली काही तिने नाकारली. कोणतं काम घ्यायचं आणि कोणतं सोडायचं, हे ती कशी ठरवत होती? तिची गोष्ट त्यासाठीच समजून घ्यायला हवी.

कापसाच्या शेतातून शिकागोला

बेसीचा जन्म २६ जानेवारी १८९२ चा. गावाचं नाव अटलांटा, पण हे जॉर्जिया राज्यातलं प्रसिद्ध अटलांटा नाही, तर टेक्सास राज्यातलं छोटं गाव. तेरा भावंडांत तिचा नंबर दहावा. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचे. बेसी दोन वर्षांची असताना कुटुंब टेक्सासमधल्याच वॉक्सहाची गावी राहायला गेलं.

वडिलांकडून तिच्यात अमेरिकेच्या मूलनिवासी जमातींचं रक्त आलं होतं. वंशभेदाला कंटाळून ते १९०१ मध्ये टेक्सास सोडून आजच्या ओक्लाहोमाकडे निघून गेले. आई सुझन मुलांना घेऊन मागे राहिली. घर चालवायला ती लोकांकडे स्वयंपाकाची, धुण्याभांड्याची कामं करायची. लहान भावंडं सांभाळायची जबाबदारी बेसीवर आली.

शाळा चार मैलांवर, म्हणजे साधारण साडेसहा किलोमीटर. एका खोलीची आणि फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठीची. कापूस वेचणीचा हंगाम आला की ती बंद व्हायची आणि सगळी मुलं शेतात. बेसीचं गणित पक्कं होतं. त्यामुळे वेचलेल्या कापसाचं वजन होताना कुणी मापात पाप करत नाही ना, हे बघायचं काम घरच्यांनी तिच्याकडे दिलं होतं.

लोकांचे कपडे धुऊन साठवलेल्या पैशांवर १९१० मध्ये तिने ओक्लाहोमातल्या लँगस्टन इथल्या कॉलेजात नाव घातलं. पैसे एकच सत्र पुरले. ती गावी परतली आणि पुन्हा कपडे धुवायला लागली.

१९१५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ती शिकागोला भावांकडे गेली. कृष्णवर्णीय बाईला तेव्हा तिथे मिळणारी कामं म्हणजे घरकाम, स्वयंपाक आणि कपडे धुणं. हे सगळं टाळायचं म्हणून बेसी मॅनिक्युअर शिकली. पुरुषांच्या सलूनमध्ये बसून ती गिऱ्हाइकांची नखं नीट करून द्यायला लागली. सलूनमध्ये शहरातली बडी माणसं यायची. गप्पा व्हायच्या, ओळखी व्हायच्या. या ओळखी पुढे तिच्या कामाला आल्या.

भावाची चेष्टा आणि फ्रान्सचा रस्ता

पहिलं महायुद्ध संपलं आणि फ्रान्समध्ये लढलेला भाऊ जॉन परत आला. एके दिवशी तो बेसीला चिडवायला लागला. फ्रान्समधल्या बायका बघ, त्या विमानंसुद्धा चालवतात, तुम्हाला काय ते जमणार, असा त्याचा सूर होता. बेसीच्या डोक्यात विमान शिरलं ते तेव्हापासून.

तिने अमेरिकेतल्या फ्लाइंग स्कूलमध्ये चौकशी केली. सगळीकडून नकार आला. कुणाला बाई नको होती, कुणाला कृष्णवर्णीय नको होते.

त्या वेळी शिकागोत रॉबर्ट अ‍ॅबट नावाचं मोठं प्रस्थ होतं. ‘शिकागो डिफेंडर’ हे कृष्णवर्णीयांचं गाजलेलं वृत्तपत्र त्यांचंच. बेसी त्यांच्याकडे गेली. इथे कुणी शिकवणार नाही, त्यापेक्षा फ्रेंच शीक आणि थेट फ्रान्स गाठ, असा सल्ला त्यांनी दिला. अ‍ॅबट यांनी तिला आर्थिक पाठबळही दिलं. बेसीने संध्याकाळी फ्रेंचचा क्लास लावला. सलूनचं काम सोडून एका हॉटेलात मॅनेजरची जास्त पगाराची नोकरी धरली आणि पैसे साठवले.

नोव्हेंबर १९२० मध्ये ती न्यूयॉर्कहून बोटीने निघाली. उत्तर फ्रान्समध्ये सोम नदीच्या मुखाजवळ ल क्रोतुआ नावाचं गाव आहे. तिथे कोद्राँ बंधूंचं फ्लाइंग स्कूल होतं. बेसीला तिथे प्रवेश मिळाला.

शिकण्यासाठी होतं न्यूपोर ८२ हे विमान. लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. शिकवणारा पुढच्या सीटवर, शिकणारा मागे. त्याचे हात कसे हलतात ते बघत बघत शिकायचं. या शिक्षणात जिवाचा धोका होता. सोबतच्या एका विद्यार्थ्याचा अपघाती मृत्यू बेसीने स्वतः पाहिला. तरी ती मागे हटली नाही.

१५ जून १९२१ रोजी तिला एफएआय या आंतरराष्ट्रीय संघटनेचं लायसन्स मिळालं. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय महिला ठरली.

लायसन्स मिळालं, आता काम कुठे?

सप्टेंबर १९२१ मध्ये बेसी अमेरिकेत परतली. बातम्या आल्या, सत्कार झाले. पण सत्कारावर पोट भरत नाही.

तेव्हा पायलटला काम देणाऱ्या जागा किती होत्या, ते बघू.

पहिली जागा म्हणजे एअरलाइन. पण १९२१ मध्ये अमेरिकेत विमानाने प्रवासी नेण्याचं काम अगदी तुरळक होतं. आज आपण जिला एअरलाइनची नोकरी म्हणतो, ती तेव्हा जवळपास अस्तित्वातच नव्हती.

दुसरी जागा लष्कर. पण तिथेही तिला दार बंद होतं. अमेरिकेच्या लष्कराने कृष्णवर्णीय पुरुषांना पायलटचं शिक्षण द्यायला सुरुवात केली ती १९४१ मध्ये, म्हणजे आणखी वीस वर्षांनी.

तिसरी जागा सरकारी टपाल खातं. १९१८ पासून अमेरिकेत विमानाने टपाल जायला लागलं होतं आणि खात्याचे स्वतःचे पगारी पायलट होते. पण ते गोरे पुरुष होते.

उरली चौथी जागा, ती म्हणजे हवाई कसरती. महायुद्ध संपल्यावर लष्कराची जास्तीची विमानं मोडीच्या भावात विकायला निघाली. त्यात ‘जेनी’ या लाडक्या नावाने ओळखलं जाणारं कर्टिस कंपनीचं दोन सीटचं विमान काहीशे डॉलर्समध्ये मिळायचं. युद्धातून परतलेले बेकार पायलट ते विकत घ्यायचे आणि गावोगाव फिरायचे. एखाद्या मोकळ्या शेतात उतरायचं, हवेत कोलांट्या मारून दाखवायच्या, पंखावर माणूस चालवायचा आणि मग गावकऱ्यांना पैसे घेऊन चक्कर मारून आणायची. आपल्याकडे जत्रेत मौत का कुआँ असतो, तसाच हा प्रकार, फक्त आकाशातला.

यात एक गंमत होती. त्या काळी अमेरिकेत विमान उडवायला सरकारी लायसन्सची सक्तीच नव्हती. तो कायदा आला १९२६ मध्ये. म्हणजे गोरे पायलट विनालायसन्सही पोट भरू शकत होते आणि आंतरराष्ट्रीय लायसन्स असलेल्या बेसीला काम मिळत नव्हतं.

कसरतीच करायच्या तर त्या शिकायला हव्यात. पण तेही शिकवायला अमेरिकेत कुणी तयार होईना. शेवटी फेब्रुवारी १९२२ मध्ये बेसी पुन्हा बोटीत बसली. फ्रान्समध्ये पुढचं ट्रेनिंग घेतलं. हॉलंडमध्ये विमानं बनवणाऱ्या अँथनी फोकर यांना भेटली. जर्मनीत जाऊन तिथली विमानं उडवली. नोकरीसाठी लागणारं कौशल्य कमवायला तिने दोन वेळा अटलांटिक महासागर पार केला होता.

राणी बेस

३ सप्टेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्कजवळच्या कर्टिस फील्डवर तिचा पहिला शो झाला. महायुद्धात लढलेल्या ३६९ व्या कृष्णवर्णीय रेजिमेंटच्या सन्मानासाठी हा कार्यक्रम होता आणि अ‍ॅबट यांच्या ‘डिफेंडर’चा त्याला पाठिंबा होता. अमेरिकेच्या आकाशात कृष्णवर्णीय महिलेने केलेलं हे पहिलं जाहीर उड्डाण.

पुढच्या महिन्यात शिकागोत शो झाला. जिथे ती लोकांची नखं नीट करायची, त्याच शहरात लोक तिला बघायला तिकीट काढून आले. विमानाने तिने हवेत इंग्रजी आठचा आकडा काढला. लोक तिला ‘क्वीन बेस’ म्हणायला लागले.

नाव झालं. पण स्वतःचं विमान नव्हतं. प्रत्येक शोसाठी दुसऱ्याचं विमान घ्यायचं, त्याचं भाडं द्यायचं, उरलेल्यात भागवायचं. आणि बेसीला तर पैसे हवे होते एका मोठ्या कामासाठी. तिला कृष्णवर्णीयांसाठी फ्लाइंग स्कूल काढायचं होतं. आपल्याला शिकायला परदेशी जावं लागलं, पुढच्या पोरापोरींना ते लागू नये, हा त्यामागचा विचार.

सिनेमाची ऑफर सोडली, टायरची घेतली

अशा वेळी तिला सिनेमाची ऑफर आली. सेमिनोल नावाच्या कृष्णवर्णीयांच्याच फिल्म कंपनीला तिला नायिका म्हणून घ्यायचं होतं. ‘शॅडो अँड सनशाइन’ असं सिनेमाचं नाव. पैसा, प्रसिद्धी सगळं मिळणार होतं. बेसीने होकार दिला.

मग तिला पहिला सीन कळला. फाटके कपडे घातलेली, हातात काठी आणि पाठीवर गाठोडं घेतलेली एक अडाणी मुलगी शहरात येते, असा तो सीन होता. बेसीने नकार दिला आणि सिनेमा सोडून ती निघून गेली.

या नकाराची किंमत मोठी होती. कृष्णवर्णीयांच्या मनोरंजन क्षेत्रातली काही मंडळी तिच्यावर नाराज झाली. लहरी बाई, शब्द पाळत नाही, अशी तिची चर्चा झाली. ज्यांच्या मदतीने शो उभे राहायचे, त्यातलेच काही जण दुरावले. पण कृष्णवर्णीय माणूस म्हणजे फाटका आणि अडाणी, हेच चित्र गोऱ्यांच्या सिनेमांत आणि नाटकांत वर्षानुवर्षं दाखवलं जात होतं. त्या चित्रात स्वतः उभं राहायला बेसी तयार नव्हती.

त्यानंतर तिने कोणतं काम घेतलं? तर कॅलिफोर्नियातल्या एका टायर कंपनीच्या जाहिरातीचं. विमानातून कंपनीची पत्रकं खाली टाकायची. सिनेमाची नायिका होण्यापुढे हे काम अगदीच किरकोळ वाटतं. पण यात तिला पायलट म्हणून उडायचं होतं, तिचा कुठे अपमान नव्हता आणि त्यातून विमानासाठी पैसे उभे राहणार होते.

विमान मिळालंही. लष्कराची जुनी जेनी तिने विकत घेतली. पण ४ फेब्रुवारी १९२३ रोजी लॉस एंजेलिसमधल्या शोसाठी तिने सांता मोनिकाहून उड्डाण केलं आणि जेमतेम शंभर मीटर उंचीवर इंजिन बंद पडलं. विमान कोसळलं. पाय मोडला, बरगड्या मोडल्या, विमानाचा चक्काचूर झाला. पुढचे काही महिने हॉस्पिटलात गेले. तिथूनच तिने चाहत्यांना तारेने निरोप पाठवला की चालता यायला लागलं की ती पुन्हा उडणार आहे.

पण बरी झाली तरी काम लगेच मिळेना. विमान गेलेलं, मॅनेजर टिकत नव्हते, आयोजक कचरत होते. मधले बरेच महिने ती जवळपास जमिनीवरच होती.

एकच गेट

१९२५ मध्ये बेसी आपल्या टेक्सास राज्यात परतली. १९ जूनला ह्यूस्टनमध्ये शो ठरला. ही तारीख साधी नाही. टेक्सासमधल्या गुलामांना स्वातंत्र्य मिळाल्याची बातमी १८६५ मध्ये याच दिवशी पोहोचली होती. कृष्णवर्णीय लोक हा दिवस सण म्हणून साजरा करतात. त्या दिवशी बेसीने कसरती केल्या आणि लोकांना विमानात बसवून फिरवून आणलं. त्यातले कित्येक जण आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले.

मग शो ठरला वॉक्सहाचीत, तिच्या लहानपणीच्या गावात. आयोजकांनी प्रेक्षकांसाठी दोन गेट ठेवली होती, एक गोऱ्यांसाठी आणि एक कृष्णवर्णीयांसाठी. टेक्सासमध्ये तेव्हा हीच पद्धत होती. बेसीने सांगितलं की सगळे एकाच गेटने आत येणार असतील तरच ती उडेल.

इथे तिची परिस्थिती लक्षात घ्यायला हवी. दोन वर्षांनी कुठे हाताला काम लागलं होतं. शो रद्द झाला असता तर नुकसान तिचंच होतं. तरी ती अडून बसली. आयोजकांना एक गेट मान्य करावं लागलं. आत गेल्यावर बसायच्या जागा मात्र वेगवेगळ्याच राहिल्या. तेवढं तिला बदलता आलं नाही.

शोच्या जोडीला तिने भाषणं सुरू केली. चर्च, शाळा, थिएटर, मिळेल तिथे ती जायची, आपल्या उड्डाणांची फिल्म दाखवायची आणि कृष्णवर्णीयांनी विमान शिकावं म्हणून सांगायची. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोमध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी तिचा मुक्काम असायचा. फ्लाइंग स्कूलसाठी पैसे लवकर जमावेत म्हणून तिथे तिने ब्युटी पार्लरही उघडलं. म्हणजे जगभरात नाव झालेली पायलट पुन्हा एकदा लोकांची केसं आणि नखं करायला लागली. तिला त्यात कमीपणा वाटला नाही. सिनेमात फाटक्या कपड्यात उभं राहायला नकार देणारी बेसी पार्लरच्या कष्टांना लाजत नव्हती.

शेवटचं उड्डाण

टेक्सासमधल्या डॅलसला तिने एक जुनी जेनी बघून ठेवली होती आणि जमतील तसे पैसे भरत होती. शेवटचा हप्ता भरायला एका श्रीमंत चाहत्याने मदत केली. विमान तिचं झालं.

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये १ मे १९२६ ला शो होता. विल्यम विल्स नावाचा तरुण गोरा मेकॅनिक डॅलसहून विमान घेऊन निघाला. विमान इतकं जुनं आणि खिळखिळं होतं की वाटेत त्याला अनेकदा मध्येच उतरावं लागलं.

३० एप्रिलला सकाळी सराव होता. विमान विल्स चालवत होता आणि बेसी मागच्या सीटवर होती. दुसऱ्या दिवशी ती पॅराशूटने उडी घेणार होती, त्यासाठी खालची जागा बघायची होती. बाहेर वाकून बघता यावं म्हणून तिने सीट बेल्ट लावला नव्हता. अचानक विमानाने वेग घेतला, नाक खाली केलं आणि ते गरगर फिरत कोसळायला लागलं. बेसी बाहेर फेकली गेली. तिचा जागीच मृत्यू झाला. विल्सही वाचला नाही.

नंतर अवशेषांत कारण सापडलं. दुरुस्तीचा एक पाना कंट्रोलच्या यंत्रणेत अडकून बसला होता.

बेसी ३४ वर्षांची होती. फ्लाइंग स्कूल अजून सुरू झालं नव्हतं.

तिची अंत्ययात्रा शिकागोत निघाली, तेव्हा हजारो लोक जमले. अंत्यविधीच्या प्रार्थनासभेत पुढाकार होता आयडा बी. वेल्स यांचा. कृष्णवर्णीयांवर झुंडींनी केलेल्या हत्यांविरुद्ध लेखणी चालवणाऱ्या याच त्या प्रसिद्ध पत्रकार.

५७ वर्षांनी मिळालेली नोकरी

बेसीने पाहिलेलं स्वप्न तीन वर्षांत दुसऱ्याने हाती घेतलं. १९२९ मध्ये विल्यम पॉवेल यांनी लॉस एंजेलिसमध्ये तिच्या नावाने एअरो क्लब काढला आणि कृष्णवर्णीयांना विमान शिकवायला सुरुवात केली. शिकागोतले कृष्णवर्णीय पायलट तिच्या कबरीवरून विमान नेऊन फुलं टाकायला लागले. १९९२ मध्ये मे जेमिसन ही पहिली कृष्णवर्णीय महिला अंतराळात गेली, तेव्हा तिने सोबत बेसीचा फोटो नेला होता. १९९५ मध्ये अमेरिकेने बेसीचं टपाल तिकीट काढलं आणि २०२३ मध्ये तिचं चित्र असलेलं नाणं.

पण मूळ प्रश्न होता नोकरीचा. तो कधी सुटला?

मार्लन ग्रीन हा हवाई दलात तयार झालेला कृष्णवर्णीय पायलट. त्याला एअरलाइनने नाकारलं म्हणून तो कोर्टात गेला. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतर मोठ्या एअरलाइन्सची दारं कृष्णवर्णीय पुरुष पायलटांसाठी उघडायला लागली. कृष्णवर्णीय महिलेला मात्र आणखी थांबावं लागलं. १९७८ मध्ये टेक्सास इंटरनॅशनल एअरलाइन्सने जिल ब्राउन हिला पायलट म्हणून घेतलं. अमेरिकेतल्या मोठ्या प्रवासी एअरलाइनमध्ये पायलट झालेली ती पहिली कृष्णवर्णीय महिला.

बेसीला लायसन्स मिळालं १९२१ ला. म्हणजे लायसन्स आणि नोकरी यात ५७ वर्षांचं अंतर पडलं.

जिलला नोकरी देणाऱ्या त्या कंपनीच्या नावात टेक्सास होतं. त्याच टेक्सासमध्ये बेसीने कापूस वेचला होता आणि त्याच टेक्सासमध्ये एका गेटसाठी ती अडून बसली होती.